यंत्र नवे, घड्याळ जुने

बंद पडलेले एखादे स्वयंचलित घड्याळ बहुतेक मध्यमवर्गीय घरांतील कपाटात सापडते. कुणा नातेवाइकाने आखाती देशातून आणलेले, नाही तर पहिल्या पगारातून हौसेने घेतलेले. तबकडी शाबूत असते, काचेवर दोन-चार ओरखडे असतात, पट्टा थोडा सैल झालेला असतो. हलवले की काटे फिरू लागतात आणि तासाभरात पुन्हा थांबतात. घड्याळजीकडे न्यावे, तर तो पाठीमागचे झाकण उघडून डोळ्याला भिंग लावतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, हे खोलून साफ करण्यापेक्षा नवे मशीन टाका. स्वस्त पडेल.’’

त्याचे म्हणणे खरे असते. इतके खरे, की थोडी हत्यारे आणि पुष्कळ संयम असेल तर हे काम घरच्या टेबलावरही करता येते. मात्र या कामात एक गंमत आहे. ज्याची सर्वांना धास्ती वाटते ते यंत्र बदलणे त्यातल्या त्यात सोपे असते. ज्याकडे आपण सहसा लक्षही देत नाही, ती तबकडी आणि ते काटे सांभाळणे हेच खरे अवघड काम. आणि घड्याळ ‘आपले’ ठरते ते नेमके त्यांच्यामुळेच.

दुरुस्तीपेक्षा नवे स्वस्त का?

स्वयंचलित घड्याळात बॅटरी नसते. हाताच्या हालचालीबरोबर रोटर नावाची अर्धवर्तुळाकार जड चकती फिरते आणि आतील मुख्य स्प्रिंग गुंडाळत राहते. ही स्प्रिंग उलगडताना दंतचक्रांच्या मालिकेतून शक्ती पुढे जाते आणि शेवटी बॅलन्स व्हील ठरावीक गतीने डोलत ती थोडी थोडी मोकळी करते. सेइको या जपानी कंपनीच्या स्वस्त स्वयंचलित घड्याळांत ही गती तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६ ठोके असते. एवढ्या अखंड हालचालीत चक्रांच्या टोकांवरचे तेल वर्षानुवर्षे टिकत नाही. ते सुकते, घट्ट होते, घर्षण वाढते आणि घड्याळ मागे पडू लागते.

यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करणे, धुणे, तपासणे आणि प्रत्येक जागी योग्य जातीच्या तेलाचा सूक्ष्म थेंब देऊन सारे पुन्हा जुळवणे. हे कुशल हातांचे, कित्येक तासांचे काम आहे. याउलट नवे यंत्र कारखान्यात प्रचंड संख्येने तयार होते. त्यामुळे तयार यंत्राची किंमत आणि कारागिराच्या तासांची किंमत यांत दुसरीच भारी ठरते. महागड्या स्विस घड्याळाला हा हिशेब लागू होत नाही. स्वस्त घड्याळाला मात्र तंतोतंत लागू होतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘सेइको ५’. रोटर कोणत्याही दिशेने फिरला तरी स्प्रिंग गुंडाळली जावी, यासाठी या कंपनीने १९५९ मध्ये ‘मॅजिक लिव्हर’ ही साधी युक्ती वापरात आणली. १९६३ मध्ये ‘५’ हा आकडा मिरवणारे पहिले घड्याळ आले. १९९६ पासून या घराण्यात ‘७एस२६’ हे यंत्र वापरले जाऊ लागले. दणकट, काटक, परंतु दोन बाबतींत उणे. त्याला चावीने किल्ली देता येत नाही आणि चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. त्याच्याच कुळातले पुढचे यंत्र म्हणजे ‘एनएच३६’. त्यात या दोन्ही सोयी आहेत आणि सेइको समूहातील कंपनीच ते इतर घड्याळ उत्पादकांनाही विकते. व्यास तोच २७.४ मिलिमीटर, जाडी जवळजवळ तीच आणि काटे बसवण्याच्या अक्षांची मापेही तीच. म्हणूनच जुने काढून नवे त्या जागी बसवता येते.

आधी निदान

परंतु यंत्र मागवण्यापूर्वी दुखणे कोणते आहे ते पाहावे. घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागले असेल, तर त्यात चुंबकत्व शिरलेले असण्याचा दाट संभव असतो. स्पीकर, पर्सचे चुंबकी बटण किंवा मोबाइलचे चुंबकी आवरण यांच्या सहवासात असे घडते. घड्याळाजवळ होकायंत्र नेल्यावर सुई ठळकपणे विचलित होत असेल, तर चुंबकत्व घालवण्याचे छोटे उपकरण पुरेसे ठरते. यंत्र बदलण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. सेवानिवृत्तीनंतर हालचाल कमी झालेल्या गृहस्थांचे घड्याळ रात्री काढून ठेवल्यावर पहाटे बंद पडते, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. दिवसभरात स्प्रिंग पूर्ण गुंडाळलीच गेलेली नसते. घड्याळ काही मिनिटे आडवे धरून हलकेच झुलवावे आणि मग ते किती तास चालते ते पाहावे. साधारण ४० तास चालले, तर यंत्राची शक्ती शाबूत आहे. झाकण उघडल्यावर गंज दिसला, किंवा पूर्ण गुंडाळल्यानंतरही घड्याळ काही तासांत थांबत असेल, तरच पुढचा विचार करावा.

खरेदी करताना

दोन गोष्टी विसरू नयेत. घड्याळात वार आणि तारीख दोन्ही दिसत असतील, तर ‘एनएच३६’ घ्यावे. त्याचेच भावंड असलेल्या ‘एनएच३५’मध्ये फक्त तारीख असते. दुसरी गोष्ट अनेकांना बसवायला घेतल्यावर कळते. ‘सेइको ५’ची चावी पुष्कळदा तीनच्या नव्हे, तर चारच्या आकड्याजवळ असते. त्यामुळे तिच्या वार-तारखेच्या चकत्यांवरील अक्षरे त्या कोनाला जुळतील अशी छापलेली असतात. तीनच्या जागी चावी असलेल्या घड्याळासाठीचे यंत्र तिथे बसवले, तर खिडकीतून वार तिरका डोकावतो. योग्य कोनाच्या चकत्या असलेले यंत्र मागवावे, नाही तर जुन्या चकत्या नव्या यंत्रावर चढवाव्या लागतात आणि हे काम नवशिक्याचे नाही. बाजारात नकली यंत्रेही आहेत, तेव्हा केवळ स्वस्ताईला भुलू नये.

हत्यारे फार लागत नाहीत. झाकण उघडण्याचा पाना, टोकदार चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, भिंग, काटे उचलण्याच्या दोन छोट्या लिव्हर, काटे दाबून बसवण्याचे साधन, रबरी फुंकणी आणि बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या. टेबलावर कडा असलेला पांढरा ट्रे ठेवावा, म्हणजे उडालेला भाग तिथेच सापडतो. पंखा बंद ठेवावा. उन्हाळ्यात ही अट कठीण वाटते. परंतु धुळीचा एक कण तबकडीवर बसून काचेखाली गेला, की तो दररोज डोळ्यांत सलतो.

यंत्राची अदलाबदल

आधी पट्टा काढावा आणि झाकण फिरवून उघडावे. रोटर फिरवून पाहिला, की चावीच्या दांडीजवळ एक बारीक खळगी असलेली पट्टी दिसते. चावी आत असतानाच ती हलकेच दाबावी आणि चावी बाहेर ओढावी. ती अलगद सुटते. जोर लावावा लागत असेल, तर आपण चुकीच्या जागी दाबत आहोत, असे समजावे. मग घड्याळ हातावर उलटे करताच यंत्र तबकडीसह बाहेर येते. भोवतालचे प्लास्टिकचे कडे कसे बसले होते, त्याचे छायाचित्र काढून ठेवणे हिताचे.

दांडी परत बसवून तिन्ही काटे बाराच्या रेषेवर आणावेत. तबकडीवर पातळ प्लास्टिक अंथरून दोन्ही बाजूंनी लिव्हर घालाव्यात आणि काटे सरळ वर उचलावेत. नंतर तबकडीच्या कडेने, यंत्राला बसवलेले तिचे दोन बारीक पाय हळूहळू मोकळे करावेत. पाय वाकले तर सावधपणे सरळ करता येतात; तुटले तर मात्र तबकडी यंत्रावर घट्ट धरून ठेवणारे काही उरत नाही. तबकडीला बोट लावू नये. त्वचेवरील तेलाचा डाग पुसायला जावे, तर अक्षरेही पुसली जाण्याची भीती असते.

नव्या यंत्रावर तबकडी बसवणे मिनिटाचे काम. नव्या यंत्रासोबत आलेली दांडी बहुधा लांब असते. जुनी चावी तिच्या दांडीसह नीट बसत असेल तर तीच वापरावी; अन्यथा नवी दांडी थोडी थोडी घासून मापाची करावी. एकदम कापू नये. लांब दांडी छोटी करता येते, छोटी लांब करता येत नाही.

काट्यांची परीक्षा

आता काम संपले, असे वाटू लागते. आणि इथेच बहुतेकांची फजिती होते. चावीने वेळ पुढे नेत तारीख उलटण्याचा क्षण गाठावा. तोच मध्यरात्रीचा क्षण. तिथेच तासकाटा आणि मिनिटकाटा बारावर बसवावेत. हा क्षण न गाठता काटे लावले, तर तारीख संध्याकाळी किंवा भर दुपारी बदलते. तासकाट्याचे छिद्र १.५ मिलिमीटर, मिनिटकाट्याचे ०.९ आणि सेकंदकाट्याचे अवघे ०.२ मिलिमीटर असते. बारीक मिठाच्या कणाएवढी नळी तितक्याच बारीक अक्षावर डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी आणायची आणि अगदी सरळ दाबायची.

प्रस्तुत लेखकाने पहिल्या प्रयत्नात हाच काटा तिरका दाबला. नळी चेपली. नवे यंत्र उत्तम चालत होते, पण मूळ सेकंदकाटा कायमचा गेला. बाजारातून आणलेला काटा मापाने जुळला, रंगाने जुळला नाही. घड्याळ आज वेळ बरोबर दाखवते, पण पाहताच प्रथम नजर जाते ती त्या परक्या काट्याकडे. म्हणून सल्ला असा, की आधी टाकाऊ घड्याळावर दहा-वीस वेळा काटे लावण्याचा सराव करावा. आठवणीच्या घड्याळावर शिकू नये.

काटे बसल्यावर ते एकमेकांना घासत नाहीत ना, हे बाजूने भिंगातून पाहावे आणि चावीने बारा तासांची पूर्ण फेरी मारावी. मग काच आतून स्वच्छ करून, फुंकणीने धूळ उडवून यंत्र आत ठेवावे, दांडी सरकवावी आणि झाकणाच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावून झाकण बंद करावे.

त्यानंतर

नवे यंत्र दिवसाला अर्धा मिनिट पुढे गेले, तरी घाबरू नये. ‘एनएच’ कुळातील यंत्रांसाठी दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी तफावत उत्पादकालाच मान्य आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा कमी असते आणि बॅलन्स व्हीलजवळची नियामक पट्टी केसभर सरकवून आणखी कमी करता येते. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत वार-तारीख चावीने बदलू नये. त्या वेळी आतील दाते आपापल्या कामात गुंतलेले असतात. आणि घरी उघडलेले घड्याळ दाबाच्या यंत्रावर तपासून घेतल्याशिवाय पाण्यात नेऊ नये, मग झाकणावर काहीही कोरलेले असो.

हा उपाय प्रत्येक घड्याळाला चालत नाही. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तिच्या जुन्या स्वयंचलित घड्याळांसाठी असे ताजे यंत्र सहजी मिळत नाही. तिथे जुने सुटे भाग राखून असलेला घड्याळजीच हवा. तसेच १९६०च्या दशकापर्यंतच्या अंधारात चमकणाऱ्या काही घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. लेप चमकेनासा झाला, तरी रेडियमचा किरणोत्सर्ग शतकानुशतके चालू राहतो. त्याची पूड श्वासाबरोबर आत जाऊ नये म्हणून असे घड्याळ घरी उघडूच नये.

शेवटची सूचना अशी, की काढलेले जुने यंत्र फेकू नये. छोट्या डबीत, नाव आणि तारीख लिहून ते जपावे. ते केवळ सुकले असेल, तर उद्या एखादा जाणकार हात ते पुन्हा जिवंत करू शकेल. आज नवे यंत्र घड्याळाला पुन्हा चालते करते, एवढेच त्याचे काम. वडील ज्या तबकडीकडे पाहून ऑफिसला निघत असत, ती तबकडी आणि ते काटे जसेच्या तसे राहिले, तरच घरच्या टेबलावर घालवलेली ती दुपार सार्थकी लागली, असे म्हणता येईल.