उंबऱ्याची उंची कोण ठरवते?

आज रात्री निजण्यापूर्वी एक लहानसे काम करावे, अशी आपणास विनंती आहे. पलंगापासून स्नानगृहापर्यंत सावकाश चालत जा आणि वाटेत पाऊल किती वेळा उचलावे लागते ते मोजा. खोलीचा उंबरा, स्नानगृहाची पायरी, तिच्यापलीकडे ओली फरशी. वयोमानाप्रमाणे पाऊल कमी उचलले जाते हे आपले डॉक्टर आपणास सांगतात. परंतु ती पायरी तेथे कोणी ठेवली, हे सहसा कोणी विचारत नाही. केव्हातरी, गुडघे न दुखणाऱ्या एखाद्या तरुण माणसाने ती कागदावर एका रेघेने ठरवलेली असते.

अशा रेघा मीही ओढल्या आहेत. मी वास्तुविशारद आहे. 1994 साली आमच्या कुटुंबाचे घर मीच आखले आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. पुढे वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, ते व्हीलचेअरवर घरी आले आणि खुर्ची स्नानगृहाच्या दारात अडली. दार 75 सेंटिमीटरचे होते. चौकट आणि फळीची जाडी वजा जाता मोकळी वाट जेमतेम 62. खुर्चीची रुंदी 65. या तीन सेंटिमीटरांपायी माझ्या वडिलांना दोन महिने खोलीतच भांडे वापरावे लागले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. नकाशा कोणाचा आहे हे त्यांना ठाऊक होते.

महाविद्यालयात मला हे शिकवले नव्हते का? शिकवले होते, एका तासिकेत. व्हीलचेअरचे चिन्ह आम्ही रुग्णालयाच्या नकाशावर उमटवत असू, घराच्या नकाशावर कधी नाही. त्यानंतर वीस वर्षांत माझी पदवी तशीच राहिली, नियम मात्र बदलत गेले. वडिलांच्या त्या आजारपणानंतर मी प्रथमच, व्यवसायातील लोकांसाठी असलेल्या एका प्रशिक्षणवर्गात विद्यार्थिनी म्हणून बसले. शिकवणाऱ्या बाई स्वतः व्हीलचेअरवर होत्या. त्यांनी आमच्या चष्म्यांना व्हॅसलीन फासले, हातात काठी दिली आणि त्याच इमारतीचा जिना उतरायला सांगितले. सगळ्या पायऱ्या एकाच करड्या ग्रॅनाइटच्या. कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते दिसेना. मोतीबिंदू झालेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव रोजचाच असेल. आम्हांला तो तेव्हा कळला. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची एक पट्टी हवी, एवढेच. तिला पैसे लागत नाहीत, आठवण लागते.

आपल्या राज्यात डॉक्टरांना नोंदणीचे नूतनीकरण करताना, मधल्या पाच वर्षांत आपण नवे काय शिकलो याचे श्रेयांक दाखवावे लागतात. ज्याच्या आखणीवर म्हाताऱ्या माणसाचे पडणे वा न पडणे अवलंबून आहे, त्यालाही अशी अट असावी की नाही? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ती आहे. तेथील वास्तुविशारदाला दर दोन वर्षांनी परवाना नवा करताना अपंगांसाठीच्या सुगम्यतेचे पाच तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते आणि 2023पासून इमारतीचे कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या विषयाचे आणखी पाच तास. आपल्यापैकी जे मुलांकडे सॅन होजे, फ्रीमाँटला जाऊन राहतात, त्यांनी तेथील पदपथाची कडा चौकाचौकात रस्त्यापर्यंत उतरती केलेली पाहिली असेल. तेथे 1990 साली कायदा झाला. पण कायदा कागदावरून रस्त्यावर उतरतो तो आखणाऱ्याच्या हातातून.

आपल्याकडे कायदा नाही, असे मात्र समजू नये. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 47मध्ये, कोणाकोणाच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय असावा याची यादी आहे. तीत डॉक्टर, परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांच्या बरोबरीने अभियंते आणि वास्तुविशारदही आहेत. सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने 2021 साली नव्याने प्रसिद्ध केली. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान नियम बंधनकारक करा, असे शासनाला बजावले. वास्तुकला परिषदेचे प्रशिक्षण केंद्रही दूर नाही, पुण्यातच आहे. तरीही माझ्या व्यवसायबंधूंपैकी कित्येक जण अशा वर्गांना ‘प्रमाणपत्राचे काम’ म्हणतात. मीही म्हणत होते.

त्या वर्गात आणखी एक गोष्ट मला उमगली. सुगम्य घर आणि पर्यावरणपूरक घर हे दोन विषय मी निरनिराळे मानत आले होते. उतारवयात घाम कमी येतो, तहान उशिरा जाणवते. म्हणून नागपूर, अकोला, जळगावच्या उन्हाळ्यात सर्वांत आधी वृद्धांनाच धोका पोहोचतो. दिवसभर तापलेली गच्चीची स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहते आणि शेवटच्या मजल्यावरील आजोबांना पहाटेपर्यंत झोप लागत नाही. पश्चिमेला उंच काच लावायची आणि मग थंडाव्यासाठी यंत्र बसवायचे, ही आमची सध्याची हौस. पुरेसा छज्जा, समोरासमोर खिडक्या, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा रंग या गोष्टी विजेचे बिल वाचवतात, हे खरे. पण आधी त्या माणसाला वाचवतात. निवासी इमारतींच्या भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, यासाठीही 2018पासून ‘इको-निवास संहिता’ आहे. आणि जे घर वयानुसार बदलता येते ते फोडावे लागत नाही. फोडणे म्हणजे राडारोडा, नवे सिमेंट, नव्या फरशा.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. मुंबई, ठाणे, पुणे येथील आपल्यापैकी अनेकांच्या सोसायट्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. या प्रक्रियेत सोसायटीने स्वतःचा वास्तुविशारद वा प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो आणि नेमणारे आपणच, सभासद असतो. अशा बैठकांना मी अनेकदा गेले आहे. चटईक्षेत्र किती वाढणार, भाडे किती मिळणार, यावर आवाज चढतात. संडास कोणत्या दिशेला असावा यावरही अर्धा तास जातो. त्याचे दार किती रुंद असावे, हे आजवर मला एकाच आजींनी विचारले.

आपण विचारावे. सुगम्यतेचे शेवटचे प्रशिक्षण आपण केव्हा घेतले, हा प्रश्न वास्तुविशारदाला विचारण्यात अनादर काही नाही. पाठोपाठ नकाशावर बोट ठेवावे. दारातून मोकळी वाट 90 सेंटिमीटर मिळते का? स्नानगृहाचे दार बाहेर उघडते का? आत माणूस पडला आणि दार आतच उघडणारे असेल, तर त्याच्याच देहाने ते अडते. उंबरा 12 मिलिमीटरहून उंच नको. पाणी अडवायला पायरी लागते हा जुना समज आहे, फरशीचा उतार नीट दिला तर पाणी मोरीकडेच जाते. आधाराचे दांडे आज लावले नाहीत तरी चालेल, परंतु फरशा बसण्यापूर्वी त्या जागी भिंत भक्कम करून घ्यावी.

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंची असेल, तर एकास बारा या प्रमाणात उताराची लांबी 5.40 मीटर होते. एवढी जागा नकाशात आधीच सोडावी लागते. मागाहून टाकलेला दीड मीटरचा चढ दुचाकी वर नेण्यास उपयोगी पडतो. व्हीलचेअर ढकलणाऱ्या सुनेच्या वा मावशींच्या पाठीला तो मारक ठरतो. काळजी घेणाऱ्या व्यक्तीलाही खुर्चीशेजारी उभे राहण्यास जागा लागते, हे तर आम्ही जवळजवळ नेहमीच विसरतो. खुर्ची जागेवर वळण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आहे का, तेही पाहून घ्यावे.

आमच्या घरचे दार अखेर मी फोडले. तीन दिवस लागले, राडारोड्याची नऊ पोती निघाली आणि धुळीमुळे वडिलांना तेवढे दिवस बहिणीकडे ठेवावे लागले. नकाशावर ते काम खोडरबराचे होते. बैठकीला जाताना आपल्या वॉकरची किंवा व्हीलचेअरची रुंदी मोजून कागदावर लिहून न्या. तेथे टेप सहसा कोणाकडे नसते.