ही पूड कुणाच्या हाडाची?

दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे नागपुरात धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत इम्प्लांटच्या खर्चाच्या कागदावर आता ‘बोन ग्राफ्ट’ची, म्हणजे झिजलेल्या हाडाच्या जागी भरायच्या पुडीची, एक ओळ असतेच. रुग्ण किमतीवर घासाघीस करतो; पूड कशाची, हे मात्र विचारत नाही.

सगळ्यांत जुना पर्याय स्वतःच्याच हाडाचा. ते हनुवटीतून, अक्कलदाढेमागून किंवा कमरेतून काढतात. त्यात जिवंत पेशी असतात; पण जखमा दोन होतात. हिरडी दुभंगलेल्या मुलांना, सुळा उगवण्याआधी, साधारण ९ ते ११ व्या वर्षी, कमरेचं हाड भरतात. तिथं अजूनही पहिली पसंती त्यालाच.

दुसरं, दात्याचं हाड. अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं, तरी तिथं नवं हाड धरतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. तिथं ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. पण आपण अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात सोडणारी माणसं. हाडाचं दान आपल्याकडे नेत्रदानाइतकं रुळलेलं नाही.

खरी अडचण तिसऱ्या पर्यायाची, प्राण्याच्या हाडाची. जगभर वापरलं जाणारं ‘बायो-ऑस’ हे स्विस उत्पादन गोवंशाच्या हाडापासून बनतं. सेंद्रिय अंश काढून उरलेला हा सांगाडा वर्षानुवर्षं विरघळत नाही. वरच्या दाढांवरच्या सायनसखाली उंची टिकवायला तो म्हणूनच उपयोगी. वर झाकायचा कोलॅजनचा पडदा डुकराचा असू शकतो. इतवारीतल्या जैन किंवा मोमिनपुऱ्यातल्या मुसलमान रुग्णाला हे आधी कळायलाच हवं. संमतीपत्रावरची इंग्रजीतली बारीक ओळ म्हणजे सांगणं नव्हे.

नको असेल, तर कृत्रिम पर्याय आहेत: हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा पदार्थवैज्ञानिक लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडात घडवलेली हाडाला चिकटणारी काच. पहिलं फार हळू विरघळतं, दुसरं लवकर. म्हणून बऱ्याचदा दोन्ही मिसळतात. नवं हाड धरायच्या आधीच भर विरघळली, तर खड्डा पुन्हा खचतो.

तरी पुडीच्या नावाइतकाच खड्ड्याचा आकार बोलतो. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर बहुतेक साहित्यं कामी येतात. एकच भिंत उरली असेल, तर महागडी पूडही वाहून जाते. आणि नागपुरात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून टपरीवर मिळणारी ही पुडी गालात धरून बसणाऱ्याची हिरडी नीट भरत नाही, तोंडही पुरतं उघडत नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. ग्राफ्टला तर रक्तच हवं असतं. अशा रुग्णाला खर्रा सोडायला लावण्याआधी ग्राफ्ट विकणं हा मला सरळ व्यापार वाटतो.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीनं) वरचा जबडाच गेलेले रुग्ण विदर्भानं पाहिले. तिथं पुडीचा प्रश्नच उरत नाही. गालाच्या हाडात रोवलेले लांब इम्प्लांट, पायातल्या फिब्युला या हाडाचा रक्तवाहिन्यांसकट आणलेला तुकडा, नाहीतर टाळूचं भोक बुजवणारी साधी कवळी. ती कवळी लावली की घोटभर चहा नाकातून परत येत नाही.