रेणूंची शिस्त

बाजारातून भाजी आणताना ज्या पातळ पिशवीचा बंद थोड्याशा ओझ्याने लांबत जाऊन अखेर तुटतो, तिच्याच पॉलिएथिलीनचा एक धागा तेवढ्याच वजनाच्या पोलादी तारेपेक्षा कित्येक पट भार पेलतो आणि महाकाय जहाजे धक्क्याला जखडून ठेवणाऱ्या दोरखंडांत निर्धास्तपणे वापरला जातो. द्रव्य तेच, कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्यांचे. धाग्यातील साखळ्या अधिक लांब असतात खऱ्या, परंतु ती लांबी सार्थकी लागते ती कताईच्या पद्धतीमुळे.

प्रचलित रीत वितळकताईची. वितळलेले बहुवारिक सूक्ष्म छिद्रांतून दाबून काढावे, हवेत निववावे आणि रिळावर ओढून घ्यावे, असा तिचा दस्तुर. परंतु वितळलेल्या अवस्थेत ताणलेली साखळी ताण सैल होताच पुन्हा आक्रसते, आणि निवताना जे स्फटिक बनतात त्यांत ती घडीवर घडी घालून बसते. पुढे धागा ताणून या घड्या काही अंशी उलगडता येतात. मात्र साखळ्यांचा आपसांतला गुंता, गुंतलेल्या सुताची टोके खेचावीत तसा, ताणासरशी आवळत जातो. बळासाठी साखळी लांब हवी, आणि ती जितकी लांब तितका गुंता अधिक, असा हा पेच होता.

तो सोडविला नेदरलँड्समधील डीएसएम या कंपनीतील पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी, १९७९ च्या सुमारास. लाखभर कार्बन अणूंच्या साखळ्यांचे पॉलिएथिलीन त्यांनी उष्ण डेकॅलिनमध्ये अवघे दोन टक्के विरघळविले, तेव्हा साखळ्या दूर सरून गुंते विरळ झाले; ते द्रावण छिद्रातून थंड पाण्यात सोडताच ही विरळ स्थिती ओल्या, लिबलिबीत जेलच्या धाग्यात जशीच्या तशी टिकून राहिली; आणि मग तो धागा सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या उष्ण हवेत मूळ लांबीच्या ३० पटींहून अधिक ताणला गेला. घड्या उलगडल्या, साखळ्या धाग्याच्या अक्षाशी समांतर झाल्या, आणि भार थेट कार्बन-कार्बन बंधांवर येऊन ताणबळ ३ गिगापास्कलपर्यंत पोहोचले. १९९० मध्ये हेरलेन येथे या धाग्याचे व्यापारी उत्पादन डायनीमा या नावाने सुरू झाले.

या शिस्तीलाही मर्यादा आहेत. शेजारच्या साखळ्यांना धरून ठेवणारे आकर्षण क्षीणच राहते, म्हणून अखंड भाराखाली हा धागा हळूहळू लांबतो, आणि १५० अंशांच्या आसपास तर वितळूनच जातो. तथापि धाग्याची योग्यता ठरविताना तो कशाचा, या प्रश्नाइतकाच तो कसा कातला, हा प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे. रसायनशास्त्र साखळी देते, तिचे बळ पदरात पाडून घेणे हे कताईचे काम.