थंडीपासून हातांचे संरक्षण
थंड हवेत उघड्यावर काम करताना हातांचे तापमान, स्पर्शज्ञान व कार्यक्षमता टिकवून ठेवण्यासाठी योजावयाच्या उपायांचा या विषयात विचार होतो. हिमप्रदेशातील सैनिक, गिर्यारोहक व अंटार्क्टिकातील संशोधक यांच्या बाबतीत त्याचे महत्त्व सहज ध्यानात येते. तथापि उष्ण कटिबंधातील श्रमिकांनाही तो तितकाच लागू पडतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. तेथे हिवाळ्यात हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे तापमान १०° से. च्या खाली उतरते. पाणी गोठण्याइतकी ही थंडी नसते. परंतु ऊसतोडणी, रात्रीचे पाणी देणे व मासेमारी ही कामे नेमकी त्याच वेळी आणि ओल्या हातांनी करावी लागत असल्यामुळे बोटे बधिर होण्याचा अनुभव तेथे नित्याचा आहे.

हात गारठण्याची कारणे : शरीराच्या अंतर्भागाचे तापमान सु. ३७° से. राखणे ही शरीराची प्राथमिक गरज असते. दोन्ही हातांचे मनगटापुढील पृष्ठफळ शरीराच्या एकूण पृष्ठफळाच्या सु. ५ टक्के असून वस्तुमान मात्र त्या मानाने अल्प असते. बोटांत उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नसल्यामुळे त्यांची ऊब मुख्यतः येणाऱ्या रक्तावर अवलंबून राहते. थंडी जाणवताच अनुकंपी तंत्रिका तंत्राद्वारे बोटांतील सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावतात व रक्तप्रवाह घटतो. अंतर्भागाची उष्णता वाचविण्यासाठी शरीर जणू हातांचा पुरवठा तोडते. यावरून हातमोजे घातले, तरी छाती, पाठ व डोके उघडे असल्यास बोटे का गारठतात, हे स्पष्ट होते.

ब्रिटिश वैद्य टॉमस ल्यूइस यांनी १९३० मध्ये या प्रतिक्रियेची दुसरी बाजू दाखवून दिली. बोट बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास काही मिनिटांनी आकुंचित रक्तवाहिन्या तात्पुरत्या रुंदावतात, बोट थोडे उबदार होते व पुन्हा आकुंचन सुरू होते. असे फेरे चालू राहतात व त्यांमुळे ऊतकांचे काही अंशी रक्षण होते. थंड पाण्यात सतत काम करणाऱ्या कॅनडातील गास्पे येथील मच्छीमारांचे हात इतरांच्या मानाने अधिक उबदार राहतात, असे आढळून आले आहे. मात्र संपूर्ण शरीर गारठले असल्यास ही संरक्षक प्रतिक्रिया मंदावते.

ओलावा, वारा व धातू हे घटक उष्णताऱ्हास वाढवितात. पाण्याची उष्णता-संवाहकता हवेच्या सु. २५ पट असते. शिवाय त्वचेवरील १ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना सु. ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. वाऱ्यामुळे त्वचेलगतचा उबदार हवेचा पातळ थर निघून जातो. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९४५ मध्ये या परिणामाचे मापन मांडले. लोखंडी पहार किंवा नळ लाकडी दांड्यापेक्षा अधिक थंड भासतो, तो धातू उष्णता त्वरेने वाहून नेतो म्हणून.

कार्यक्षमतेवरील परिणाम : हाताच्या त्वचेचे तापमान सु. १५° से. पर्यंत उतरल्यावर बोटांचे कौशल्य स्पष्टपणे घटते आणि सु. ८° से. च्या आसपास स्पर्शज्ञान जवळजवळ नाहीसे होते. तंत्रिकांतून संवेदनांचे वहन मंदावते व सांधे ताठरतात. बोटे वाकविणारे प्रमुख स्नायू हातात नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. त्यामुळे हा भाग गारठल्यास पकड सैल होते. वस्तू हातात नीट आहे की नाही हे न कळल्याने माणूस ती गरजेपेक्षा अधिक आवळून धरतो व लवकर थकतो. धारदार हत्यार हाती असल्यास इजेचा संभव वाढतो.

बारामती व इंदापूर येथील कामे : नीरा डावा कालवा व उजनी धरण यांमुळे या तालुक्यांत उसाची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणच्या सहकारी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ असे म्हणतात. फडात काम पहाटेच सुरू होते आणि त्या वेळी पाला दवाने चिंब असतो. एका हातात कोयता व दुसऱ्या हातात ओला ऊस असल्याने दुसरा हात लवकर बधिर होतो, आणि कोयत्याचा घाव त्याच हाताच्या जवळ पडत असतो. मजुरी टनावर असल्यामुळे हात शेकण्यासाठी थांबणे म्हणजे कमाई गमावणे होय.

रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती अशीच असते. कृषिपंपांना वीज रात्रपाळीने मिळते तेव्हा दारे धरण्यासाठी त्याला ऐन गारठ्यात चिखलात उभे राहावे लागते. उजनी जलाशयाच्या इंदापूर बाजूच्या काठावर मच्छीमार पहाटे जाळी ओढतात. पाणी हवेहून थोडे उबदार असले, तरी ते त्वचेपेक्षा थंडच असते. हात पाण्याबाहेर येताच वाऱ्यामुळे होणारे बाष्पीभवन त्यांना आणखी गारठविते.

संरक्षणाचे उपाय : (१) हातांच्या आधी धड, डोके व मान झाकावी. घोंगडी, कानटोपी, मुंडासे व कोपरापासून मनगटापर्यंतची लोकरी बाही यांचा उपयोग अनेकदा केवळ हातमोज्यांपेक्षा अधिक होतो. लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णतारोधक असते व ओलसर झाल्यावरही लोकर काही ऊब राखते. ओल्या सुती कापडाचा हा गुण बहुतांशी नष्ट होतो. (२) ओल्या कामासाठी पाणी न शोषणारे रबरी आवरणाचे हातमोजे व आत पातळ लोकरी मोजा योग्य ठरतो. मोजे घट्ट असल्यास रक्तप्रवाह अडतो. बदलण्यास कोरडी जोडी जवळ असावी. (३) लोखंडी दांड्यांवर कापड किंवा रबर गुंडाळावे. (४) हात गारठू लागताच हात काखेत धरावेत किंवा खांद्यापासून जोराने फिरवावेत. बधिर होईपर्यंत थांबू नये. (५) तेलाने त्वचा भेगाळणे कमी होते. मात्र तेलाचा थर उष्णतारोधक नसतो. (६) विडी व तंबाखूतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचित होतात. मद्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून अंतर्भागाची उष्णता बाहेर पडते.

शेकोटी हा सर्वत्र आढळणारा उपाय होय. तथापि बधिर बोटांना चटका कळत नाही, म्हणून ती ज्वाळेजवळ नेऊ नयेत. बंद कोपीत किंवा खोलीत निखारे ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू ओढवू शकतो.

विकार व प्रथमोपचार : वारंवार ओल्या थंडीत राहिल्याने बोटांवर लाल, खाजणारी सूज येते. थंडीत बोटे एकाएकी पांढरी व नंतर निळसर पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये केले. असा त्रास वारंवार झाल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ऊतके गोठून होणारा हिमदाह शून्याखालील तापमानातच होतो. तो या तालुक्यांत होत नाही, परंतु सियाचीनसारख्या ठिकाणी तो हाताची बोटे गमावण्यास कारण ठरतो. अशा वेळी हात चोळू नयेत व त्यांवर बर्फ घासू नये. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल, तरच ते ३७° ते ३९° से. तापमानाच्या पाण्यात ठेवून ऊब द्यावी.

कामाची व्यवस्था : वैयक्तिक साधनांना मर्यादा असतात. दव ओसरल्यावर तोड सुरू करणे, फडाजवळ गरम पाणी व वाराबंद आडोसा उपलब्ध ठेवणे आणि ठराविक अंतराने विश्रांती देणे या उपायांना फारसा खर्च येत नाही. मात्र टनावरील मजुरीत थांबलेल्या वेळेचा मोबदला गृहीत धरला नसेल, तर त्यांचा लाभ मजुराला घेता येत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा उल्लेख बहुधा ऊर्जेच्या संदर्भात होतो. परंतु रात्रीचे पाणी दिवसावर आणणे हा शेतकऱ्याचे हात व पाय थंडीपासून वाचविण्याचाही सर्वांत परिणामकारक मार्ग आहे.