मुलांच्या हातीं माती

आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी एके दिवशीं शाळेंतून मातीचा हत्ती घेऊन आली. त्याला सोंड होती, कान होते. पाय मात्र तीनच. "चौथा कुठें ग?" म्हणून आईनें विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "तो चालतोय ना! पाय उचललाय त्यानें." आईनें हंसून ओल्या मातीची एक गोळी चिकटवली आणि हत्ती पुरा केला. दुसऱ्या दिवशीं तो पाय गळून पडला. आणि मुलीनें पुढें कित्येक दिवस मातीला हात लावला नाहीं.

पाय कां गळला, तें आधीं पाहूं. मातीचे कण अतिसूक्ष्म व चपटे असतात. त्यांच्यामध्यें पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात व माती हवी तशी वळते. पाणी उडून गेलें कीं कण जवळ येतात आणि वस्तु आकसते. हत्तीचें धड आकसून बसलें होतें, नवी गोळी मात्र आकसावयाची होती. त्यांची फारकत व्हायचीच. यासाठीं दोन्ही भाग सारखे ओले असतांनाच जोडावे. जोडाच्या जागीं काडीनें उभ्याआडव्या रेघा ओढाव्या, तीच माती पाण्यांत कालवून तिचा दाटसर लेप द्यावा व मग दाबून बसवावें. वस्तु सावलींत, ओलसर फडक्याखालीं हळूहळू वाळूं द्यावी. उन्हांत ठेवली तर पातळ कान आधीं वाळतो, जाड पोट मागें राहतें आणि मध्यें तडा जातो.

माती कोणती घ्यावी? गणेशमूर्ति घडविणाऱ्यांकडे मिळणारा शाडू घरच्या कामास उत्तम. तो भाजावा लागत नाहीं, आणि वाळलेलें काम मोडून पाण्यांत भिजत घातलें कीं पुन्हां माती तयार. इंग्लंडांतील बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनीं १८९७ सालीं न वाळणारी प्लॅस्टिसीन तयार केली. ती सोयीची खरी, पण वाळण्याचें, तडकण्याचें शिक्षण तिच्यांत नाहीं.

आतां मुलीविषयीं. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे व्हिएन्ना येथें अंध मुलांना शिल्प शिकवीत असत. १९४७ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं मुलें दोन तऱ्हांनीं काम करतात. कांहीं मुलें एकाच गोळ्यांतून सोंड, पाय ओढून काढतात. त्यांच्या मनांत आधीं सबंध हत्ती असतो. कांहीं मुलें तुकडे वेगळे वळून ते जोडतात; त्यांचा हत्ती अवयवांतून उभा राहतो. एका तऱ्हेच्या मुलाला दुसरीकडे वळवूं नये, असा त्यांचा आग्रह. शेजारच्या मुलीनें पाय गोळ्यांतून ओढून काढले होते. आईची गोळी तिच्या विचाराबाहेरची होती, हें मला पुष्कळ उशिरां उमगलें. चाळीस मुलांकडून एकाच नमुन्याचे चाळीस आंबे करवून घेणारी शाळा तर याहून मोठी चूक करते. तेथें सुबक आंबा शिक्षकाचा असतो.

मग शिकवावयाचें तरी काय? हत्ती नव्हे, मातीची रीत. मारिया मॉन्टेसरी यांनीं १९०९ च्या आपल्या पुस्तकांत रोममधील रांदोने यांच्या कलाशाळेचें वर्णन केलें आहे. तेथील मुलें छोटीं भांडीं घडवीत, चिमुकल्या विटा भाजीत आणि त्यांच्या भिंती बांधीत. भांडें गळतें कीं नाहीं, भिंत उभी राहते कीं नाहीं, हें मुलाला कोणीं सांगावें लागत नाहीं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मुठीएवढा गोळा द्यावा, अंगठा आंत रोवून, फिरवीत फिरवीत कडा चिमटून वाटी कशी होते तें दाखवावें. दाखविलेली वाटी लगेच मोडून टाकावी, नाहींतर तिचीच नक्कल होते. पाण्याची वाटी मुलाजवळ ठेवूं नये. बोट ओलें करण्यापुरतें पाणी पुरे, जास्त झालें कीं चिखल होतो.

एक घरगुती सूचना राहिली. मातीचे हात मोरींत धुवूं नयेत, नळी तुंबते. बादलींत धुवावेत, रात्रभरांत माती तळाशीं बसते, वरचें पाणी झाडांना ओतावें व खालचा शाडू पुढच्या रविवारसाठीं झांकून ठेवावा.