संगणकाला आपलं नाव का कळत नाही?

जून-जुलै आले की मोहल्ल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची केवायसी, सगळंच ऑनलाइन. रांगेतल्या एखाद्या अम्मीला विचारा, ती म्हणते, "आम्हाला काय कळतं हो यातलं, आम्ही अडाणी." आम्ही शाळेत शिकवतो आणि वर्षातले कितीतरी तास याच फॉर्मांमागे घालवतो, म्हणून ठामपणे सांगतो, फॉर्म अडतो तेव्हा बहुतेक वेळा माणूस अडाणी नसतो. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपली नावं आणि आपल्या लिपी नव्हत्या, एवढंच. नेमकं कुठे अडतं आणि का, हे कळलं तर निम्मी धावपळ वाचते.

नावापासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं.

महाराष्ट्रातल्या फॉर्मात नावाचे तीन रकाने असतात. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि आडनाव. कोकणातल्या परकार, मुकादम, खोत घराण्यांचं यात बरोबर बसतं. पण "शेख मोहम्मद अनस अब्दुल रहीम" हे नाव घ्या. शेख पुढे आहे, ते आडनाव धरायचं का? काही घरांत ते शेवटी लिहितात, काहींत पुढे, आणि एकाच घरातल्या दोन भावांच्या दाखल्यांवर दोन्ही प्रकार सापडतात. मोहम्मद हे पहिलं नाव आणि अनस मधलं, असं समजून यंत्र अनसला वडिलांच्या जागी नेऊन बसवतं. अब्दुल रहीमचे तर दोन तुकडेच होतात. अब्दुल हे एकटं नाव नाही, त्याचा अर्थ "...चा बंदा" इतकाच. पुढचा शब्द कापला की अर्थ अर्धवट राहतो. आणि अब्दुल गाळून नुसतं "रहीम" ठेवलं तर ते अल्लाहच्या नावांपैकी एक होतं, घरातल्या बुजुर्गांना ते खटकणारच. "मो." असं संक्षिप्त लिहिलं तर वेगळीच कटकट, टिंब चालत नाही म्हणून रकाना लाल होतो. आईच्या नावापुढचं "बी" किंवा "बेगम" एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. दक्षिणेत आद्याक्षरं पुढे लावून नाव लिहितात, इंडोनेशियात कित्येकांना एकच नाव असतं, तेही असेच अडकतात. 2010 साली पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने नावांबद्दल प्रोग्रामर मंडळींचे गैरसमज काय काय असतात, याची लांबलचक यादीच लिहिली. ती संगणक क्षेत्रात खूप वाचली गेली. रकाने मात्र आजही तीनच आहेत.

आता पुढची पायरी. यंत्र नाव वाचत नाही, अक्षरं जुळवून बघतं. इंग्रजीत शेख हा शब्द तीन-चार तऱ्हेने लिहिला जातो. कुणी मध्ये 'ए-आय' लिहितो, कुणी 'ई-आय', कुणी शेवटचा 'एच' सोडतो. माणसाला हे एकच नाव वाटतं. यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. दोन शब्दांत चुकून दोन मोकळ्या जागा पडल्या तरी काही प्रणाल्या जुळणी नाकारतात, आणि ही चूक डोळ्यांना दिसतही नाही. शाळेत आता मुलांचा 'अपार' आयडी काढतात, त्यासाठी शाळेच्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी आधार केंद्रावर कुणीतरी घाईत टाइप केलेलं एक अक्षर आज मुलाच्या वाटेत उभं राहतं.

मराठी नावाची गंमत तर आणखी निराळी. आधारची नोंदणी करताना ऑपरेटर इंग्रजीत नाव टाइप करतो आणि सॉफ्टवेअर त्याचं मराठी रूप आपोआप समोर ठेवतं. ते तपासून दुरुस्त करायचं असतं, पण मागे रांग असली की कोण बघतो? इंग्रजीत अ आणि आ या दोन्हींना एकच अक्षर. त्यातून उर्दू नावांचे काही जोड असे आहेत की यंत्र हमखास फसतं. मजहर हे नाव इंग्रजीत लिहा, 'झेड' आणि 'एच' शेजारी येतात आणि मराठीत होतं "मझर". इस्हाकमध्ये 'एस' आणि 'एच' एकत्र येतात, म्हणून "इशाक". निकहतमधला क आणि ह मिळून ख होतो आणि मुलगी "निखत" होऊन घरी येते. उर्दूत हे तिन्ही शब्द लिहिताना अशी शंकाच येत नाही, कारण तिथे ह स्वतःच्या पायावर उभा असतो. म्हणून आधार किंवा मतदार यादीच्या पावतीवरचं मराठी नाव केंद्रातून बाहेर पडण्याआधी मोठ्याने वाचून पाहावं. आधारमध्ये नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी अक्षरांच्या किरकोळ चुकीवर खर्च करायला लागू नये.

देवनागरीत एक लपलेली अडचणही आहे. "ज"खाली नुक्ता देऊन लिहिलेलं अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं. एक, तयार जोडलेलं अक्षर. दोन, ज आणि वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण यंत्राने दोन्हींना आधी एका साच्यात आणलं नाही तर ती त्याच्यासाठी दोन अक्षरं आहेत. "दुसऱ्या" या शब्दातल्या ऱ्याचंही तसंच, त्याला दोन वाटांनी लिहिता येतं. यादीत नाव असूनही शोधल्यावर सापडत नाही, याचं कारण कधीकधी इतकं बारीक असतं. उपाय सोपा आहे. मराठी नावात नुक्ता टाळावा, आणि नाव सापडलं नाही तर पूर्ण नाव न टाकता पहिली दोन-तीन अक्षरंच टाकून शोधावं.

आता लिपीकडे. जुन्या सीडीतली किंवा पेनड्राइव्हमधली मराठी फाइल उघडली की चिन्हांचा नुसता भाजीपाला दिसतो, हे कार्यालयात काम केलेल्या सर्वांनी पाहिलं असेल. फाइल बिघडलेली नसते. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी आकार बसवले होते. तो फॉन्ट त्या संगणकावर असेल तरच मराठी दिसणार, नाहीतर मूळ इंग्रजी चिन्हं उघडी पडणार. युनिकोडने प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला, म्हणून आज फोनवर लिहिलेलं मराठी कुठेही मराठीच दिसतं. शाळेचा किंवा जमातीचा जुना मजकूर फेकून देऊ नका, फॉन्टचं नाव माहीत असेल तर तो युनिकोडमध्ये बदलता येतो.

उर्दूची वाट याहून खडतर होती. नस्तालीक तिरकस उतरत जाणारी लिपी. एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं, उंचीही बदलतं. खिळे जुळवून छापण्याच्या काळात हे बसवणं फार अवघड होतं, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं दशकानुदशकं कातिब हाताने लिहीत. चेन्नईचं "द मुसलमान" हे 1927 पासूनचं दैनिक तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरांचे संपूर्ण आकारच लिहून काढले आणि नूरी नस्तालीक यंत्रात आली. नव्वदच्या दशकात दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने हे घराघरांतल्या संगणकावर आणलं. आपल्या मदरशांचे दाखले, निकाहाच्या दावतनाम्यांपासून मासिकांपर्यंत सगळं त्यावर झालं. इनपेजचं आपल्या भाषेवर मोठं उपकार आहे, हे मान्यच.

पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो उचलून ईमेलमध्ये किंवा वेबसाइटवर चिकटवला की उर्दूचा पत्ताच नाही. मग लोकांनी पानाचा फोटो काढून पाठवायची सवय लावून घेतली. ती अजून सुटलेली नाही. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, दृष्टिहीन माणसाचा फोन तो नीट वाचून दाखवेल याची खात्री नाही, आणि वीस वर्षांनी एखाद्या मुलीला आपल्या नानांचा लेख शोधायचा असेल तर तो असूनही तिला मिळणार नाही. फोनवर साधी उर्दू लिहायची सोय आज सगळीकडे आहे. आयफोनमध्ये नस्तालीक 2017 मध्ये आली. त्याआधी तिथे उर्दू अरबीच्या नस्ख वळणात दिसायची. वाचता यायची, पण जुन्या वाचकांना परकी वाटायची. अजूनही काही स्वस्त फोनांवर तसंच आहे. तिथे सेटिंगमध्ये उर्दू भाषा जोडून पाहावी आणि नस्तालीक फॉन्ट असलेलं वाचनाचं ॲप घ्यावं.

एक तक्रार मुलं नेहमी करतात, उर्दू वाक्यात मोबाइल नंबर लिहिला की कंस उलटे होतात आणि पूर्णविराम भलतीकडे जातो. कारण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. कंस आणि टिंब यांना स्वतःची दिशा नाही, ते शेजाऱ्याचं ऐकतात. परिच्छेदाची दिशा आधी उजवीकडून ठरवून घेतली, म्हणजे संबंधित बटण दाबलं, की बहुतेक गोंधळ निवळतो. तेवढ्यानेही झालं नाही तर नंबर वेगळ्या ओळीवर लिहावा.

फोटोच्या केबीबद्दल थोडक्यात. फॉर्म म्हणतो फोटो 20 ते 50 केबीचा हवा, फोनने काढलेला फोटो तीन-चार हजार केबीचा. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके असतात. फॉर्माला 200 गुणिले 230 ठिपके पुरतात, म्हणजे 46 हजार. तेव्हा "क्वालिटी" कमी करत बसू नका, चेहरा धुरकट होतो. आधी चेहऱ्यापुरता कापा, मग ठिपके कमी करा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारातच राहतो. ज्या कागदावर बारीक अक्षरं आहेत तो नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावा.

आणि शिष्यवृत्तीचे पैसे. "खातं आधारला लिंक आहे" असं बँक सांगते आणि तरी पैसे येत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरल्याचा हा ताप आहे. बँकेने आपल्या नोंदीत आधार क्रमांक लिहून घेणं ही एक गोष्ट. ते खातं सरकारी अनुदान घेण्यासाठी एनपीसीआयच्या यादीत चढवणं ही दुसरी, तिला सीडिंग म्हणतात. एका आधारवर एकच खातं त्या यादीत असतं, सर्वांत शेवटी चढवलेलं. मुलाने मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे संमती दिली असेल तर पैसे तिकडे गेले असतील. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते. बँकेत जाण्याआधी ती पाहावी आणि बँकेत "लिंक" न म्हणता "सीडिंग" म्हणावं.

शाळकरी मूल घरात असेल तर एक काम याच सुट्टीत उरकता येईल. जन्माचा दाखला, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि बँकेचं पासबुक समोर ठेवा आणि मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव चारही ठिकाणी अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक असेल तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव छापलं की पुढची धावपळ कितीतरी पट वाढते.

घरात नवं बाळ आलं असेल तर काम आणखी सोपं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळा-प्रवेशापासून मतदार यादीपर्यंतचा मूळ कागद झाला आहे. नोंदीच्या वेळी बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर ते एका वर्षाच्या आत फी न देता नंतर टाकता येतं. दवाखान्यातल्या कारकुनाला ऐकू येईल तसं लिहू देऊ नका. अकीक्याला नाव ठरलं की त्याच दिवशी ते उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत एका कागदावर लिहा, शेख पुढे की मागे तेही ठरवा, आणि तो कागद घेऊन नोंदणी कार्यालयात जा.