कारखान्याचा धनी बदलतो तेव्हा

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाच्या कानी प्रथम पडतात ती पवारांच्या जुन्या संस्थानांमुळे. आज त्या प्रदेशात कारखान्यांचे राज्य आहे. धार जिल्ह्यातील पिथमपूरची औद्योगिक वसाहत तर मोटारी व दुचाकींसाठी देशभर ठाऊक आहे. तेथील एका कारखान्याची हकिकत, ज्यांची मुले दूरच्या कारखान्यांत नोकरीस आहेत अशा प्रत्येक कुटुंबाने ऐकण्याजोगी आहे.

१९८४ साली पुण्याच्या फिरोदियांच्या किनेटिक कंपनीने जपानच्या होंडाशी भागीदारी केली व पिथमपूरला स्कूटरचा कारखाना उभा राहिला. बटण दाबताच सुरू होणारी, गिअर बदलावे न लागणारी ती गाडी लोकांना फार आवडली. परंतु १९९८ साली होंडा भागीदारीतून बाहेर पडली. पुढे तिचीच स्वतंत्र कंपनी स्पर्धेत उतरली. २००८ साली किनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राने ११० कोटी रुपयांना घेतला. २०१८ पासून तेथून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. फाटक तेच, पण त्यावरील पाटी पुन्हा पुन्हा बदलली.

असे निर्णय वरच्या दालनात होतात. कामगाराला त्यांची चाहूल लागते ती कँटीनमधील कुजबुजीतून. पाळ्या कमी होतात, नवी भरती थांबते, साहेबांची भाषा गोड होते. कोणी कपातीविषयी विचारले, तर 'काळजी नसावी' एवढेच उत्तर मिळते. मग एके दिवशी नोटिस लागते. भाकरी गेल्याचे दुःख मोठे खरेच. पण आपल्याला अंधारात ठेवले, ही जखम त्याहूनही खोल जाते.

कायद्याने कामगाराला अगदीच निराधार सोडलेले नाही. वर्षभर सलग नोकरी झालेल्यास काही काळ काम देता आले नाही, तर मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. कायमची कपात करावयाची तर एक महिन्याची सूचना अथवा त्याऐवजी वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. शेवटी आलेला प्रथम जातो, आणि पुन्हा भरती निघाल्यास कपात झालेल्यांना अग्रहक्क असतो. १९५३ साली कायद्यात आलेली ही तत्त्वे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही राखली आहेत. व्यवस्थापकपदावरील माणसाला मात्र हे संरक्षण नाही, हे मोठ्या पदाची वाट पाहणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. नेमणूकपत्र व पगारपत्रके जपून ठेवावीत. गरज पडेल त्या दिवशी तीच साक्षीदार होतात.

तथापि खरे बोलणारा धनी कोणताही कायदा देऊ शकत नाही. धंदा बुडत असेल तर तसे वेळेवर सांगावे. पहिली झळ वरिष्ठांनी सोसावी. अशा धन्यासाठी कामगार अर्ध्या पगारावरही काही दिवस काढील. लपवाछपवी मात्र तो विसरत नाही.

आणि वाचकहो, एखाद्या संध्याकाळी आपला मुलगा अवेळी घरी परतला, पेटी दारात ठेवून मुकाट्याने बसला, तर 'तुझेच काय चुकले?' असे त्याला विचारू नका. अगोदर ताट वाढा. कारखान्याने त्याला नको म्हटले आहे. घराने म्हणू नये.